फुकट गेलेले दोन क्लिक

डोंबिवली (पश्चिम)
९ मार्च २०२५

समीक्षा,

वर 'प्रिय' लिहून खोडलंय, ते तुला दिसत असेलच. दुसरा कागद घेता आला असता, पण खोडलेलं दिसू दे म्हटलं. तू, तुझी आई आणि तुमचं ते सदा आजारी मांजर, सगळी मजेत असाल अशी आशा आहे. आमच्याकडे ठीक. उन्हाळा लवकर लागलाय, पाण्याची बोंब आहे, वहिनीने लोणच्याला म्हणून आणलेल्या कैऱ्या दादाने नुसत्या तिखटमीठ लावून संपवल्या.

फोन का नाही केला असं वाटेल. तुला मी सगळीकडे ब्लॉक केलंय आणि ते काढायची इच्छा नाही. शिवाय तुम्हा लोकांना हाताने लिहिलेलं फार आवडतं. शाईचा वास घ्याल, खिडकीतल्या उजेडात कागद ठेवून त्याचा फोटो काढाल. काढा. पण आधी वाच.

कामाचं पहिल्यांदा सांगते. दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या घरी येऊन तू जो ब्लॅक अँड व्हाइट रोल कॅमेऱ्यात भरलास, त्याच्या निगेटिव्हचा अगदी सुरुवातीचा तुकडा मला हवाय. स्कॅन नको, प्रिंट नको, सॉरी तर मुळीच नको. तो तुकडा कुरिअर कर. खरं तर एवढंच लिहून थांबणार होते. पण मग तू चार जणांना विचारत बसशील की दर्शनाला झालं काय. म्हणून काय झालं तेही सांगते.

फिल्मचा नाद मला तुमच्यामुळे लागला हे मी नाकारत नाही. दादाच्या बांधकामाच्या ऑफिसात माझं काम म्हणजे दिवसभर मोबाइलवर साइटचे फोटो काढायचे. कॉलम, बीम, टाइल्स, गळती. हजारो फोटो, एकही पुन्हा बघावासा वाटत नाही. मग घोडबंदर रोडला तुमच्या 'स्लो फ्रेम्स'च्या वर्कशॉपला आले आणि तू तुझा कॅमेरा माझ्या हातात दिलास. त्याचा खटका, रोल पुढे ढकलणारा तो दांडा, आणि काय आलंय ते लगेच न कळणं, हे सगळं मला मनापासून आवडलं. खोटं कशाला बोलू? कितीतरी वर्षांत मला स्वतःसाठी म्हणून काही आवडलं नव्हतं.

तुम्ही लोक मात्र मला तेव्हाच अधूनमधून खटकायचात. मुदत संपलेली फिल्म मुद्दाम शोधून आणायची आणि त्यावर डाग आले की 'काय कॅरेक्टर आहे' म्हणून जीव ओवाळून टाकायचा. आमच्याकडे मुदत संपलेला मसाला वहिनी फेकून देते. एक फोटो काढायला अर्धा तास, आणि तो काढताना आपण कसे दिसतो ते मोबाइलवर टिपायला एक माणूस वेगळा. ऋतुराज तर वर्कशॉप घेणारा, गुरुजीच तुमचा. बाळकुमच्या मासळीवाल्या बाईला त्याने सांगितलं होतं, 'मावशी, हसू नका, हसल्यावर खरं वाटत नाही.' ती बाई सकाळपासून हसत मासे विकत होती. मी तेव्हा मान फिरवली, कारण मला तुमच्यात राहायचं होतं.

आता आईचं. तुला ती 'काकी' म्हणून माहीत आहे. नाव गोदा. आमच्या आईला मोबाइलचा फोटो चालायचा नाही. कुणी फोन वर धरला की हिचा पदर तोंडावर. लग्नाकार्यातल्या प्रत्येक फोटोत ती एक तर पाठमोरी आहे, नाही तर तोंडात घास आहे. पण वर्कशॉपनंतर मी घेतलेला फिल्मचा कॅमेरा तिने बघितला आणि हातात घेऊन वजन केलं. म्हणाली, "यो खरा क्यामेरा. मना यकदा नीट फोटू कारून दे गो. भितीवर लावाया."

मी म्हटलं, भिंतीवर कशाला, तुला काय झालंय?

"मेल्यावर तुमी कंचा पन लावाल," ती म्हणाली.

तुमच्या सोसायटीत असं कुणी बोलत नसेल. आमच्याकडे म्हातारी माणसं हा फोटो जिवंतपणीच काढून ठेवतात. कुठलं लुगडं, कुठले दागिने, सगळं आधी ठरवून. मागे राहिलेले आपल्याला रोज कसे बघणार हे आपण ठरवायचं, त्यात रडण्यासारखं काही नसतं. माझा कॅमेरा तेव्हा दुरुस्तीला होता, आणि माझ्यापेक्षा तुझा हात चांगला. म्हणून मी तुला बोलावलं. कशासाठी बोलावलंय तेही नीट सांगितलं होतं. तू म्हणालीस, 'वॉव, किती ब्यूटिफुल विचार आहे.'

त्या रविवारी आई पहाटेपासून नटत होती. हिरवं लुगडं, नथ, ठुशी, मोहनमाळ, कोपरापर्यंत बांगड्या, कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं. बाबा चेष्टा करत होते की हिला आज पुन्हा वरातीत न्यायची. तू आणि ऋतुराज आलात. मी आत भाकऱ्या थापायला बसले. बाहेरून दोन खटके ऐकू आले आणि तुझा आवाज, 'झाला बरं का काकी तुमचा फोटो, मस्त आलाय.' आई लगेच म्हणाली, "दाखव." तू तिला समजावलंस की हा कॅमेरा दाखवत नाही, वाट बघावी लागते, वाट बघण्यातच मजा आहे.

मी ताटं घेऊन बाहेर येईपर्यंत आईच्या गळ्यातलं उतरलेलं होतं. ऋतुराजला गच्चीवर एक फाटकं लुगडं सापडलं होतं. ज्याने आम्ही दादाची गाडी पुसतो, ते. ते तिला नेसवून तुम्ही खाली दादाच्या साइटवर नेलंत, डोक्यावर टोपली दिलीत आणि एका पांढऱ्या ढिगाशेजारी उभी केलीत. मी आईला बाजूला घेऊन म्हटलं, नको वाटत असेल तर नको. ती म्हणाली, "पाव्हनी हाय ती. घरा आयलेल्या मान्साला नाय कसा बोलाचा?" तिचा फोटो झालेला होता ना, मग आता पाहुण्यांच्या मनासारखं. शिवाय निघताना तुम्हाला सुकट बांधून दिली.

तो ढीग भिंतीला लावायच्या पुट्टीचा होता. गोणी फुटली होती. तुमच्या फोटोत त्याचं मीठ झालं.

मग आईने वाट बघितली. तुमच्या भाषेत मजा केली. दर आठवड्याला, मी कामावरून आले की, "आयला का गो माजा फोटू?" मी तुला विचारायचे. तू म्हणायचीस रोल संपायचाय, मग लॅबला गेलाय, मग लॅबवाला सुट्टीवर. मी तिला सांगायचे, येईल. तिने भिंतीवरची जागासुद्धा नक्की करून ठेवली होती, देव्हाऱ्याच्या बाजूला.

डिसेंबरमध्ये आई गेली. तुला कळवलं नाही, तेव्हा कुणालाच धड कळवलं नाही. दुपारी जेवली, आडवी झाली, उठली नाही. छातीत दुखतंय असंही म्हणाली नाही. तेव्हा माझ्या फोनवर तुझा मेसेज होता, 'स्कॅन आलेत, सुपर्ब आहेत, थोडं सरप्राइज ठेवते.' मी उत्तर दिलं नाही हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

बाराव्याला फोटो लागतो. दादाने स्टेशनजवळच्या स्टुडिओत एका हळदीतला फोटो दिला, मोबाइलवरचा. त्यांनी आईचं डोकं कापून कुठल्यातरी दुसऱ्या बाईच्या धडावर बसवलं. खाली जांभळी पैठणी, मागे निळा पडदा, रंग उजळ केलेला, कपाळावरच्या सुरकुत्या पुसून टाकलेल्या. तोंडात घास होता म्हणून एक गाल फुगलेला, तो मात्र तसाच. सगळ्यांनी हार घातले. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "यी कोन?"

दादा म्हणाला, आई आहे.

"यी गोदा नाय. मी नाय हार घालाचा."

बाबांची नजर चांगली आहे आणि डोकं त्याहून चांगलं आहे. त्यांनी अजून हार घातलेला नाही. त्या भिंतीकडे पाठ करून जेवतात. घरात या एका गोष्टीवरून दादाचं आणि त्यांचं बोलणं बंद पडत आलंय. मी दादाला धीर देत होते की आईचा खरा फोटो समीक्षाकडे आहे. दागिन्यांतला. तिच्या मनासारखा.

म्हणून मी तुमच्या प्रदर्शनाला आले. तुम्ही बोलावलं नव्हतं, इन्स्टाग्रामवर बघितलं. तुझ्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये, एसी, मंद दिवे, कॉफी. समोरच्या भिंतीवर माझी आई, माझ्यापेक्षा उंच, गाडी पुसायच्या लुगड्यात. खाली पाटी, 'मीठ आणि मौन'. मौन? आमची आई झोपेतही बोलायची. आणि नाव कुठेच नाही. शेजारी उभी असलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, 'बघ ना, किती सोसलं असेल.' आमच्या आईच्या नावावर दोन बिल्डिंगा आहेत, समीक्षा. सोसलं तिने भरपूर, पण ते तुमच्या ढिगाशेजारी नाही.

तरी मी तिथे थांबले. दुसरा फोटो विचारून घ्यावा म्हणून तुझ्याकडे येत होते. तुझी पाठ माझ्याकडे होती आणि तू पाचसहा जणांना गंमत सांगत होतीस. ती मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. 'अरे काकींना फुल ज्वेलरीमध्ये फोटो हवा होता. मी म्हटलं आता काय करू? पण रोल नुकताच लोड केलेला. सुरुवातीचे दोन क्लिक तसेही फुकट जातात ना, ते दिले त्यांना. बिचाऱ्या इतक्या खूश झाल्या.' आणि सगळे हसले. प्रेमाने हसले, हे त्यातलं जास्त घाण.

रोलचं टोक भरताना उजेडात येतं, ते जळतं, म्हणून दोन खटके वाया घालवून कोरी फिल्म पुढे आणायची. हे तूच मला शिकवलं होतंस. मीही पहिले दोन खटके खिडकीवर, पंख्यावर, कशावरही वाया घालवते. तू ते माझ्या आईवर घालवलेस. ती पहाटे उठून नटली होती.

बाहेर पडताना ऋतुराजने मला ओळखलं. 'अरे, तू तर सब्जेक्टची मुलगी. फोटोशेजारी उभी राहा, एक फ्रेम घेतो, जनरेशन्सची.' मी काय बोलले ते त्याला विचार. तो सांगणार नाही.

मला नुसता राग आला असता तर बरं होतं. राग उतरतो. मला शिसारी आली आहे, ती जात नाही. माझा कॅमेरा माळ्यावर टाकलाय, त्याच्या पट्ट्याला हात लावावासा वाटत नाही. तुमची हळू चालणारी नजर, तुमचा दाणेदार फोटो, तुमचं ते 'खरं' आणि 'अस्सल', सगळ्याला कुबट वास येतो.

पण मला हे माहीत आहे की त्या वायाच्या खटक्यांवर पुष्कळदा अर्धामुर्धा फोटो येतो. एक बाजू जळालेली, एक बाजू शाबूत. माझ्या रोलवरही आलाय. स्कॅन करताना लॅबवाले तो सोडून देतात, पण निगेटिव्हवर असतो. आईचं अर्धं तोंड आणि नथ जरी उरली असेल तरी बाबांना पुरे. म्हणून तो तुकडा पाठव. पत्ता तुला माहीत आहे, जेवून गेली आहेस.

दर्शना


डोंबिवली (पश्चिम)
१३ एप्रिल २०२५

समीक्षा,

तुझं पाकीट मिळालं. निगेटिव्ह नीट बटर पेपरमध्ये गुंडाळून पाठवलीस, त्याबद्दल आभार. सॉरी नको म्हटलं होतं तरी चिठ्ठी घातलीस. तिचं नंतर बोलते.

मी मोबाइलचा स्क्रीन पांढरा करून त्यावर ती पट्टी धरली. पहिला खटका पूर्ण जळालेला, काळा ठिक्कर. दुसरा एका बाजूने जळालेला आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी होतं. काय ते मला कळेना. निगेटिव्हमध्ये उलटंसुलटं दिसतं, म्हणून मी पट्टी फिरवून फिरवून आईचा चेहरा शोधत राहिले. शेवटी कल्याणला एका जुन्या स्टुडिओवाल्याकडून मोठी प्रिंट करून घेतली.

चेहरा नाहीच. आमच्या हॉलची फरशी आहे. लुगड्याचा काठ आहे. आणि आईची पावलं.

तू कॅमेरा वरसुद्धा उचलला नव्हतास. पट्ट्याला लोंबकळत्या कॅमेऱ्याचे दोन खटके दाबलेस आणि तोंडाने म्हणालीस, मस्त आलाय. तिच्याकडे बघितलं तरी होतंस का? मी इतके दिवस धरून चालले होते की निदान भिंग तिच्याकडे होतं. तेवढं गृहीत धरायलाही तुम्ही लोक लायक नाही.

पावलं जुळवून ठेवलेली आहेत, अंगठ्याला अंगठा. शाळेतल्या पोरी प्रार्थनेला उभ्या राहतात तशी ती उभी होती. बोटांत जोडवी. नखं कापलेली, बहुतेक आदल्या दिवशी. बोटं फाकलेली, कातडं जाड, आणि डाव्या पायाची करंगळी वाकडी. लग्नाआधी आणि नंतरही ती मिठागरात उभी राहिली ती याच पायांवर. तुम्हाला मीठच हवं होतं ना? ते तिथे होतं. तुम्ही मात्र तिला खाली नेऊन पुट्टीजवळ उभी केलीत.

प्रिंट घेऊन घरी आले. बाबांना दाखवायची नाही असं ठरवलं होतं, काय दाखवणार? वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. बाहेर आले तर बाबांच्या हातात प्रिंट. चष्मासुद्धा लावला नव्हता.

"यी गोदाची पावला," म्हणाले. मग वाकड्या करंगळीवर बोट ठेवलं. "यो बोट खाजनान कापलेला. काच व्हती चिखलान. मी उचलून आनलेली घरा, तुजा दादा पोटान व्हता." खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल. कापल्याचं हे दादाला आणि मला, दोघांनाही माहीत नव्हतं. आईची करंगळी मी जन्मभर बघत आले आणि ती वाकडी का, हे कधी विचारलं नाही.

दादा दारात उभा होता. बाबा त्याच्याशी कितीतरी दिवसांनी बोलले. म्हणाले, भिंतीवरची ती बाई काढ. दादाने खुर्चीवर चढून जांभळी पैठणी काढली. आणि मग तो रडला, समीक्षा. बाराव्यालाही रडला नव्हता. आम्ही तिघं हॉलमध्ये बसून रडलो, आणि वहिनीने आत गॅस बंद करून ठेवला.

आता तुझी चिठ्ठी. सुरुवातीला माफी आहे, ती मी वाचली. माफी चांगली लिहिली आहेस, तुला लिहिता येतं. पण त्याच्याखाली तू हे लिहिलंस. 'खरं सांगू? मी आत्ता बघितलं, हीच फ्रेम सगळ्यात स्ट्राँग आहे. ॲक्सिडेंटल आहे म्हणूनच प्युअर. पुढच्या शोमध्ये लावू का? या वेळी काकींचं नाव नक्की देऊ.'

नाही.

निगेटिव्ह परत मिळणार नाही. तुझा कॅमेरा, तुझी फिल्म, हे सगळं कबूल. तरी नाही. तो टोपलीचा फोटो ठेव तुझ्याकडे. लोकांना त्याच्यासमोर हळहळू दे. त्यात आमचं कुणी नाही, घरात आता तो कुणाला टोचतही नाही.

पावलांचा फोटो आम्ही काचेत घालून लावला. दादा खिळा ठोकायला वर चढला, देव्हाऱ्याशेजारी, आईने ठरवलेल्या जागी. बाबांनी थांबवलं. "पाय कवा डोक्याच्या वर टांगतान का?" म्हणाले आणि स्वतः खाली बसून जागा दाखवली. जमिनीपासून वीतभर उंचीवर. हार नाही घातला, जमिनीवर एक फूल ठेवतात, रोज सकाळी, स्वतः.

त्यामुळे तो फोटो उभ्याने दिसत नाही. घरी येणारे विचारतात, हे काय खाली लावलंय, आणि वाकतात. वाकल्यावर कळतं.

तुला बघायचा असेल तर ये. मी दार उघडेन, चहा देईन, आमच्यात घरी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. कॅमेरा खाली वॉचमनकडे ठेवून ये. आणि बघायला गुडघे टेकावे लागतील.

गोदा धाकू गायकर हिची मुलगी,
दर्शना